नको ती माणसं वगळून

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी आलं होतं. आमच्या सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि ते आलं की माणूस दुसरं काही करत नाही. मी गच्चीवरच्या टाकीत पाइप सोडून खाली मोटारीपाशी उभा होतो. फोन माझ्या बायकोनं, सुनंदानं उचलला. तिच्या थोरल्या बहिणीचा, महानंदाअक्कांचा होता. "हे उठंना झालेत गं," एवढंच अक्का म्हणाल्या म्हणे. सुनंदा होती तिथंच पायरीवर बसली. मी मोटार बंद केली, पाइप गुंडाळला, आणि खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो असा, की या माणसानं जायलासुद्धा नेमका पाण्याचा दिवस निवडला. लोकांचा खोळंबा करणं हा त्याचा जन्मभराचा धंदा होता. तो त्यानं शेवटच्या दिवशीही सोडला नाही.

पुरवणीच्या संपादकांनी मला 'चार हृद्य आठवणी' लिहायला सांगितलं आहे. मल्लिनाथ माझा साडू. त्याच्याही आधी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, त्यामुळे तो मला चांगलाच माहीत होता आणि म्हणूनच हृद्य वगैरे माझ्याच्यानं होणार नाही. मी महापालिकेच्या जकात विभागात नोकरी केली. ट्रकात काय आहे ते ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखायची सवय लागलेला माणूस मी. मल्लिनाथच्या ट्रकात काय होतं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं मी समजत होतो. काही नव्हतं. कणा नव्हता, मत नव्हतं, 'नाही' हा शब्द नव्हता. मास्तर म्हणायचे, "मल्लिनाथ, फळा पुसशील?" की हा म्हणायचा, "व्हय की." आणि जागचा हलायचा नाही. फळा मी पुसायचो.

त्याचं लग्न आधी झालं, महानंदाअक्कांशी. अक्कलकोटजवळचं खातंपितं घर, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. थोरल्या अक्का, मग शिवण्णा, मग सुनंदा आणि शेंडेफळ राजशेखर, म्हणजे राजू. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच मल्लिनाथ माझ्याकडे सुनंदाचं स्थळ घेऊन आला. सासुरवाडीत याला एकट्याला कंटाळा यायचा, हे खरं कारण. "हो म्हण रे शरणू. दोघं मिळून दिवाळी खाऊ की," असं म्हणाला. मी हो म्हटलं. बायको चांगली मिळाली याबद्दल तक्रार नाही. पण तिच्याबरोबर तो कॅमेरासुद्धा पदरात पडला.

तो कॅमेरा... नवी पेठेत मल्लिनाथचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं, वडिलांनी घालून दिलेलं आणि नोकरांनी चालवलेलं. त्याच्या कुणा गिऱ्हाइकानं दुबईहून आणलेला व्हिडिओ कॅमेरा यानं विकत घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या घराण्यातलं एकही कार्य सुखानं पार पडलं नाही. बारसं असो, साखरपुडा असो, शेतावरचा हुरडा असो, हा खांद्यावर धोंडा ठेवल्यासारखा ते यंत्र ठेवून माणसांच्या तोंडात शिरायचा. शिवण्णाच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक जेवायला वळले, आणि हा मांडवात मध्येच उभा राहून ओरडला, "थांबा, थांबा! लाइट गेली हुती. अक्षता परत टाका!" चारशे माणसं परत वळली. लोकांनी खाली पडलेल्या अक्षता वेचून परत टाकल्या. सासूबाई, ज्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं, त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "साकु, मल्लप्पा, साकु!" म्हणजे पुरे बाबा, पुरे. त्यानं मान डोलावली, "व्हय अव्वा," म्हणाला, आणि कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळ नेला.

बरं, काढलं तर काढलं. पण ते दाखवायचाही. दिवाळीत सगळे जमलो की करंज्या संपायच्या आत टीव्हीला वायरी जोडून तयार. काय असायचं त्यात? लोक जेवताहेत. लोक जेवून उठताहेत. कुणाची तरी पाठ. मंगळसूत्र बांधायच्या वेळी फोटोवाल्याचं टक्कल. एका मुंजीत... नाही, आमच्यात मुंज नसते, शेजाऱ्यांची मुंज होती, तिथंही हा न बोलावता गेला होता. राजूच्या साखरपुड्यात तर कॅमेरा स्टँडवर लावून हा दुकानात निघून गेला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आणि नवरीच्या आईसकट सगळा मांडव घागरी घेऊन पळाला. पुढचा अर्धा तास त्या टेपमध्ये फक्त रिकाम्या खुर्च्या, पाट आणि पेढ्याच्या ताटावर बसलेल्या माश्या. तोसुद्धा त्यानं आम्हाला पूर्ण दाखवला. मी भिंतीला टेकून झोपत असे आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

अव्वा होत्या तोवर हे असंच चाललं. त्या गेल्या आणि वर्षाच्या आत दोघा भावांचं फाटलं. घर आणि विहिरीकडचं रान, नेहमीचंच. त्यात नवीन असं काही नव्हतं आणि दोघांपैकी एकाचीही बाजू सांगण्याच्या लायकीची नाही. अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंतसुद्धा अशी, की अव्वांची तुळस अर्धी इकडे नि अर्धी तिकडे येईना, म्हणून दोघांनी मिळून ती उपटली. त्या भांडणात दोघांनी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट. मग बहिणींना निरोप आले. शिवण्णाचा निरोप, "राजूच्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर हिकडं यायचं न्हाय." राजूचा निरोप शब्दन् शब्द तोच. भाऊ ते भाऊच. सुनंदानं थोडे दिवस रडून थोरल्याची बाजू धरली. अक्कांनी कुणाचीच धरली नाही. दोघंही सख्खे, दोघांनाही अक्कांनी कडेवर घेऊन वाढवलेलं. त्यांनी माहेरी जाणंच सोडलं. दिवाळीला चोळी नाही, नागपंचमीला बोलावणं नाही. वयाची साठी उलटलेल्या बाईला माहेर कशाला लागतं, असं मला कुणी विचारलं तर त्याला मी माझ्या दारात उभं करणार नाही. अक्का फक्त अक्कलकोटची एसटी समोरून गेली की पाटी वाचायच्या.

मल्लिनाथनं या सगळ्यात काय केलं? काही नाही. शिवण्णा दुकानात येऊन तासभर राजूला शिव्या द्यायचा, हा म्हणायचा, "व्हय की." राजू येऊन शिवण्णाला शिव्या द्यायचा, हा म्हणायचा, "तर काय!" दोघांनाही चहा. मी तिथं असलो तर माझा संताप संताप व्हायचा. "अरे, एकाला तरी तोंडावर सांग की तू चुकतोयस," मी म्हणायचो. "सांगतो की," तो म्हणायचा. गल्ल्यावर बसलेला बुळा माणूस, दुसरं काय म्हणणार होतो मी त्याला?

मग त्याच्या किडन्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. मुलगी लग्न होऊन बेळगावला, दुकान पुतण्याच्या हाती गेलेलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि यानं दुकानावरच्या माळ्यावर चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून आयुष्यभराच्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायला काढल्या. मोठ्या कॅसेट, मग मधल्या काळातल्या लहान कॅसेट, मग त्याहून बारक्या. "प्लेअर मिळंना झालेत शरणू. आता न्हाय केलं तर ह्या कॅसेटी म्हंजे नुसती प्लॅस्टिकची डबडी," तो म्हणाला. मी म्हटलं, आत्तासुद्धा डबडीच आहेत. अर्ध्या टेपांना पांढरी बुरशी धरली होती. ती तो कापसाच्या बोळ्यानं पुसायचा, जुन्या प्लेअरमध्ये टेप घालायचा, प्लेअर एका डबीतून कॉम्प्युटरला जोडायचा, आणि मग बसायचं. तीन तासांची टेप असेल तर तीन तास. ती पळवता येत नाही, जशी झाली तशीच परत पाहावी लागते. हे मला कळलं तेव्हा मी हात जोडले. ज्या जेवणावळी एकदा सोसताना जीव जायची वेळ आली, त्या हा माणूस आजारपणात दुसऱ्यांदा आणि तितक्याच वेळात सोसत होता.

टेपा कॉम्प्युटरवर आल्या तरी काम संपत नव्हतं. त्या फायली अजस्र व्हायच्या, टीव्हीवर चालायच्या नाहीत, मोबाइलवर तर नाहीच. म्हणून सगळ्या एकगठ्ठा निवडायच्या, एका प्रोग्रॅममध्ये टाकायच्या, आजकाल चालतो तो प्रकार निवडायचा आणि बटण दाबून सोडून द्यायचं. मग मशीन दिवसचे दिवस घरघरत एकेक फाइल बदलत राहतं. पहिल्या खेपेला मध्येच वीज गेली आणि सगळं मुसळ केरात. दुसऱ्या खेपेला काम पूर्ण झालं. त्यानं मोठ्या अभिमानानं मला आणि अक्कांना माळ्यावर बोलावलं, टीव्ही लावला... आणि आमचं सगळं घराणं जाडं झालेलं होतं. शिवण्णा जाडा, राजू जाडा, मी तर पोत्यासारखा. घोडासुद्धा म्हशीसारखा दिसत होता. जुन्या टेपांचं चित्र चौकोनी, नव्या टीव्हीचा पडदा लांबडा, आणि यानं कुठलीतरी खूण करून चित्र पडद्याएवढं ताणायला सांगितलं होतं. एक चूक केली ती एकजात सगळ्या फायलींना लागू झाली. मी पोट धरून हसलो. अक्का हसल्या नाहीत. पडद्यावर अव्वा चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या, त्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अव्वा अशी नव्हती. अव्वा बारीक हुती." मल्लिनाथ म्हणाला, "व्हय की," आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं सगळ्या फायली पुन्हा पहिल्यापासून लावल्या.

हे काम चालू असल्याची बातमी अक्कलकोटकडे गेली. आधी शिवण्णा आला. मी माळ्यावरच होतो. "मल्लूभावजी, आमच्या घरच्या कार्यक्रमांचा एक सेट आमालाबी द्या. पण राजूचं कुटुंब नको त्यात. त्याचं तोंड बघायला लागू नये," असं तो टॉवेल विकत घ्यावा तसं सांगून गेला. "व्हय की, काढतो की," मल्लिनाथ म्हणाला. आठवड्याभरात राजू आला. त्यालाही सेट हवा होता. त्यालाही थोरल्याचं तोंड नको होतं. "काढतो की," हा म्हणाला. राजू जिना उतरून गेल्यावर मी मल्लिनाथला काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. अक्कांचं माहेर या दोघांनी जमिनीवर फोडलं, आणि आता जे टेपेत उरलं होतं तेही हा आपल्या हातानं फोडून द्यायला निघाला होता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बस. तुला दाखवतो." त्यानं शिवण्णाच्या लग्नाची फाइल लावली. राजू वगळून. त्यानं खरंच तसं कापून पाहिलं होतं, कष्टानं, तुकडा तुकडा करून. लग्न तीन टेपांचं होतं. कापून उरलं होतं ते चहा प्यायला लागणाऱ्या वेळेत संपलं. बँडवाले, स्वयंपाक्यांची कढई, गोठ्यातली बैलजोडी, माझं टक्कल पडायच्या आधीचं डोकं. नवरदेव जवळजवळ नाहीच. कारण राजू तेव्हा लहान होता आणि दिवसभर थोरल्या भावाच्या शेल्याला धरून फिरत होता. घोड्यावर पुढे तो, बोहल्याशी मागे तो, जेवताना ताटाला ताट लावून तो. राजूला काढायला गेलं की शिवण्णा जातो. "आणि शिवण्णाला काढून राजूचा साखरपुडा बघितलो," मल्लिनाथ म्हणाला, "तर नुसत्या खुर्च्या उरल्या बघ. पाणी आलं हुतं न्हाय का त्या दिवशी... तेवढंच." मी म्हटलं, मग हे त्या दोघांना तोंडावर सांग. "सांगतो की," तो म्हणाला. आणि माझी खात्री झाली की हा सांगणार नाही. निमूट कापून देईल, खुर्च्या आणि बैल देईल, आणि वर चहा पाजेल.

पुढे त्यानं दोघांना आपापले पेनड्राइव्ह दिले. "काढलं का?" "काढलं की." तेवढ्यावर दोघांचंही समाधान झालं. कुणी लावून बघितलं असेल तर शपथ. ज्या चित्रांतून भावाला हाकलून देण्यासाठी एवढा आग्रह, ती चित्रं शिवण्णाच्या फ्रिजवर धूळ खात पडली होती आणि राजूच्या मोटारसायकलच्या किल्लीला लटकत होती. माणसाचा हट्ट किती फुकटचा असतो ते बघायचं असेल तर आमच्या सासुरवाडीला यावं.

मल्लिनाथ गेल्यावर हट्टाला नवीन जागा सापडली. आमच्याकडे माणूस गेला की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, खाली 'शोकाकुल' म्हणून लावणाऱ्याचं नाव आणि जमलंच तर फोटो. गेलेल्यापेक्षा शोकाकुलच ठळक दिसतो. दोघा मेहुण्यांना आपापला फ्लेक्स लावायचा होता, आणि दुसऱ्याच्या आधी. पण मल्लिनाथचा फोटो कुणाकडेच नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात तो नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. मोबाइल आल्यावरही हा दुसऱ्यांचेच फोटो काढत राहिला होता, आणि शेवटच्या वर्षातला चेहरा लावण्यासारखा राहिला नव्हता. तेव्हा दोघांनीही, एकमेकांच्या नकळत, तो पेनड्राइव्ह शोधून पहिल्यांदा टीव्हीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवण्णाचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "शरणप्पा, फसवलं की तुमच्या साडूनं! राजू हाय ह्याच्यात! पहिल्या फायलीपासनं हाय! माझ्या लग्नात माझ्या मांडीवर बसलाय!" मी काही बोलायच्या आत फोन बंद. संध्याकाळी राजू. "दाजी, ह्यात सगळीकडं थोरलाच हाय. एक माणूस काढला न्हाय मल्लूभावजींनी." मला क्षणभर समजेना. मग समजलं. मल्लिनाथनं दोघांनाही एकच संग्रह दिला होता. पुरा, अखंड, बैलांपासून माश्यांपर्यंत, एकही माणूस न वगळता. फक्त पेनड्राइव्हवर नावं वेगवेगळी चिकटवली होती. मी सरळ अक्कांकडे गेलो. त्या माळ्यावरच्या चादरींच्या घड्या घालत होत्या. "अक्का, तुम्हाला ठाऊक होतं हे?" त्यांनी मान हलवली. "मला बोलले न्हाईत. पण भावजी, तुमी तर लहानपणापासनं बघताव की. हेंना कुणाला न्हाय म्हणता आलं न्हाय कधी. आन सांगितलेलं कधी केलंबी न्हाय." त्या घडी घालत राहिल्या. मी मात्र त्या गठ्ठ्यावर बसून राहिलो. ज्याला मी जन्मभर बुळा म्हणत आलो त्या माणसानं 'व्हय की' म्हणत म्हणत कधी कुणाचं काही ऐकलंच नव्हतं. अव्वांचं 'साकु' ऐकलं नव्हतं, माझ्या शिव्या ऐकल्या नव्हत्या, आणि दोन टोणग्यांना तोंडावर हो म्हणून त्यांच्या घरात त्यांचाच भाऊ नेऊन सोडला होता. त्या दिवशी मला तो फार आठवला. रडूही आलं. आणि त्याचाही राग आला, कारण हे त्याला सांगायला आता तो नव्हता.

फ्लेक्स लागले ते दिवसकार्याच्या आदल्या दिवशी. नवी पेठेत दुकानाकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, एक डाव्या खांबाला, एक उजव्या. दोन्हींवर मल्लिनाथचा चेहरा एकच. कारण सगळ्या संग्रहात तो स्वतः जेमतेम एकदाच दिसतो. त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला अक्कांनी हौसेनं कॅमेरा हातात घेतला होता. त्या थोड्या वेळात तो मधे उभा आहे, हसतोय, आणि दोन्ही बाजूंनी दोन मेहुणे त्याच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत. शिवण्णानं आपल्या फ्लेक्सवर स्वतःला ठेवलं, मल्लिनाथला ठेवलं, आणि राजूला कापलं. राजूनं स्वतःला ठेवलं आणि शिवण्णाला कापलं. पण गळ्यात हात टाकला की पंजा पलीकडच्या खांद्यावर येतो. माणूस कापला तरी पंजा राहतो. त्यामुळे शिवण्णाच्या फ्लेक्सवर, शिवण्णा आणि मल्लिनाथ यांच्या बरोबर मधे, मल्लिनाथच्या खांद्यावर राजूची चार बोटं. आणि समोरच्या खांबावर राजूच्या छातीशी थोरल्याची बोटं. फ्लेक्सवाल्याला दोघांनीही ती पुसायला सांगितली होती म्हणे. त्यानं प्रयत्न केला. "बोटं पुसली की खांदा जातो साहेब," असं म्हणून त्यानं तशीच छापली. सगळी नवी पेठ येता-जाता बघत होती. रिक्षावाले थांबून बघत होते. आणि शोकाकुल मंडळी आपापल्या खांबाखाली उभी राहून दुसऱ्याच्या खांबाकडे पाठ करत होती.

दिवसकार्याला शिवण्णा सकाळी येऊन गेला आणि राजू दुपारी, गाठ पडू नये म्हणून. अक्कांनी दोघांनाही जेवायला वाढलं. दोघांनाही काही विचारलं नाही. चार दिवसांनी मला म्हणाल्या, "भावजी, ते दोन्ही फ्लेक्स काढून मला आणून द्या." मी दोन्ही खांबांवरून ते उतरवले, गुंडाळी करून रिक्षात घातले. अक्कांनी ते माळ्यावर लावून घेतले, कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीवर, एकमेकांना चिकटून. एका टोकाला शिवण्णा, दुसऱ्या टोकाला राजू, मधे दोन मल्लिनाथ. खालची 'शोकाकुल'ची पट्टी त्यांनी कात्रीनं कापून टाकली. मग खुर्चीवर बसून दोघा भावांना फोन लावला, माझ्यासमोर, एकामागून एक. दोघांनाही तेच वाक्य. "माझं माहेर हितं माळ्यावर हाय. यायचं असलं तर दोघं मिळून या. एकटं यायचं न्हाय. एकटा आलास तर दार उघडणार न्हाय." आणि समोरून काय उत्तर येतंय त्याची वाट न बघता फोन खाली ठेवला. मी त्यांना आयुष्यात कुणाला अट घालताना पाहिलं नव्हतं.

त्याला आता काही आठवडे झाले. अजून कुणी आलेलं नाही. अक्का रोज माळ्यावर जातात, एकेक फाइल लावून बसतात. अव्वा पुन्हा बारीक झाल्या आहेत. शिवण्णाचे मला मात्र फोन येतात, तक्रारीचे. तो म्हणे सगळ्या फायली बघतोय, राजू कुठं कुठं आहे ते शोधायला. "आज परत दिसला, माझ्या ताटातला पापड खातोय." "आज विहिरीवर दिसला, माझी चड्डी घालून उभाय." मध्ये एकदा म्हणाला, "हुरड्याच्या त्या टेपेत त्याच्या तोंडावर फोड्या दिसतात. त्याला कांजिण्या झाल्या हुत्या का हो त्या वर्षी? मला कसं म्हायती न्हाय?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. इतक्या वयाचा माणूस, घरी नातवंडं, आणि दिवसभर टीव्हीपुढं बसून चाळीस वर्षांपूर्वीच्या फोड्या मोजतोय. मला त्याची कीव येत नाही. मला अजूनही त्याची चीडच येते, आणि दुसऱ्याचीही, तितकीच.

परवा दुपारी त्याचा परत फोन आला. मी वाटच बघत होतो, आज कुठं दिसला म्हणतो त्याची. पण आधी नुसता टीव्हीचा आवाज येत होता, कुठल्या तरी मांडवातली सनई आणि गलका. मग म्हणाला, "शरणप्पा, राजूचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

मी सांगितला. दोनदा सांगावा लागला. पहिल्या वेळी त्याला तो लिहून घेता आला नाही.